थांबवणारे घर्षणच तारणारे

कॅरम बोर्डावर पावडर टाकल्याशिवाय खेळाला रंगत येत नाही, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. बैलगाडीच्या आसाला वंगण नसेल तर चाक कुरकुरते आणि बैल लवकर दमतात. या दोन्ही ठिकाणी आपण घर्षणाशी झगडत असतो. पण पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर पाय पडला, की तेच घर्षण आपल्याला हवेहवेसे वाटते. मग घर्षण आपले शत्रू की मित्र? हा विषय आम्ही आज मुद्दाम घेतला आहे. परीक्षेतील गुणांपेक्षा घरातील माणसांच्या जिवाशी त्याचा अधिक संबंध आहे.

गती कोण संपवते?

हातगाडी ढकलणे थांबवले की ती थोड्या वेळाने थांबते. यावरून, वस्तू चालती ठेवायची तर तिला सतत ढकलत राहावे लागते, असे ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलने मानले. ही समजूत शेकडो वर्षे टिकली. सतराव्या शतकात गॅलिलिओने तिला धक्का दिला आणि १६८७ साली न्यूटनने नियमच मांडला. गती आपोआप संपत नाही. ती संपवणारे बाहेरचे बल असते. हातगाडीच्या बाबतीत ते बल म्हणजे रस्त्याचा आणि आसाचा विरोध, शिवाय थोडाफार हवेचाही.

हवा दिसत नाही म्हणून तिचा विरोध आपल्या ध्यानात येत नाही. मुलांना एक साधा प्रयोग करून दाखवा. एका हातात वही आणि दुसऱ्या हातात कागदाचा कपटा धरून दोन्ही एकदम सोडा. वही आधी पडेल. आता तोच कपटा वहीवर सपाट ठेवा, कडेबाहेर येऊ देऊ नका, आणि वही सोडा. दोन्ही बरोबरच खाली येतील, कारण कपट्याच्या वाटेतली हवा वहीने बाजूला सारलेली असते. चंद्रावर हवाच नाही. तेथे १९७१ साली अपोलो-१५ चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा आणि पीस एकदम सोडले, तेव्हा दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले.

हवेचा हा विरोध आपल्याला तारतोही. दोन किलोमीटर उंचीवरून निघालेला पावसाचा थेंब हवा नसती तर ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने डोक्यावर आदळला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबही ताशी साधारण ३० किलोमीटर वेगाने येतो.

वेग दुप्पट, अंतर चौपट

हवेचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. म्हणूनच भरधाव गाडी पेट्रोल अधिक पिते. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण मात्र वेगाबरोबर वाढत नाही. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगची ऊर्जा चौपट होते, पण तिला अडवणारे घर्षण तेवढेच राहते. साहजिकच ब्रेक लावल्यावर थांबण्यास चौपट अंतर लागते.

साधा हिशेब पाहू. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी जोराचा ब्रेक लावल्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. वेग ८० असेल तर सुमारे ३६ मीटर लागतात. रस्ता ओला असला की हेच अंतर ६० मीटरच्या पुढे जाऊ शकते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी २२ मीटर जातात. म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या आठ एस.टी. गाड्यांएवढे अंतर! पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो, तेव्हा धोका आणखी वाढतो.

रेल्वेची गोष्ट याहून निराळी आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक फार थोड्या घर्षणाने धावते, म्हणून एक इंजिन एवढी लांब गाडी ओढू शकते. पण त्याच कारणाने भरधाव एक्स्प्रेसला थांबायला शेकडो मीटर लागतात. मोटरमनने पाहिले तरी गाडी लगेच थांबत नाही. रूळ ओलांडणाऱ्याने हे विसरू नये.

एवढे अवश्य करा

टायरवरील खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचे पाणी बाहेर पडावे आणि रबर रस्त्याला टेकावे, यासाठी त्या असतात. झिजून गुळगुळीत झालेला टायर पावसाळ्यापूर्वी बदला. दोन्ही ब्रेक मिळून लावा, पण चाक जाम होईल इतके करकचून दाबू नका. फिरणारे चाक रस्त्याला जितके धरते, तितके घसरणारे चाक धरत नाही. ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवा आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवा.

घरातल्या तरुण मुलामुलींच्या हाती गाडीची किल्ली देताना नुसते "सावकाश जा" म्हणू नका. त्यांच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन वरचा हिशेब एकदा करून पाहा. त्यांनी स्वतः मांडलेला आकडा आपल्या शंभर उपदेशांपेक्षा अधिक काळ त्यांच्या लक्षात राहील, असे आम्हाला वाटते.