क्रीडाश्रम आणि मसाज गन : मर्दनाच्या दृष्टीने विचार

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील औषधी दुकानांत महानारायण तेल व सहचर तेल यांच्या बाटल्यांशेजारी अलीकडे पिस्तुलाच्या आकाराचे एक यंत्र विक्रीस ठेवलेले दिसते. त्याला सर्वजण ‘मसाज गन’ म्हणतात. धावपटू, कबड्डीपटू, व्यायामशाळेत जाणारे तरुण व गिर्यारोहक ते विकत घेतात आणि मग ‘तेल लावू की हे वापरू?’ असा प्रश्न घेऊन चिकित्सालयात येतात. त्याचे उत्तर चिकित्सक व विक्रेता या दोघांनाही देता आले पाहिजे. यंत्र आधुनिक आहे एवढ्यावरून ते नाकारणे जसे योग्य नाही, तसे ‘हेही मर्दनच’ असे म्हणून मोकळे होणेही योग्य नाही.

आपल्या भागात हा प्रश्न पावसाळ्यात विशेष येतो. ठाणे महानगरपालिकेची वर्षा मॅरेथॉन कोविडमुळे खंडित झाली होती, ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा भरली. तिच्या सरावासाठी येऊरच्या चढणीवर आणि उपवनच्या काठाने भर पावसात धावणारे स्त्रीपुरुष आपण पाहतो. याच दिवसांत गोविंदा पथकांचे सराव रात्री उशिरापर्यंत चालतात. दहीहंडीला राज्य शासनाने २०२२ साली साहसी खेळाचा दर्जा दिला आणि २०२५ साली ठाण्यात दहा थर लागले. मलंगगड, माहुली येथील पावसाळी भ्रमंतीही याच काळातली. शास्त्र मात्र नेमके उलट सांगते. शीतकाळात व वसंतात अर्धशक्तीने आणि इतर ऋतूंत त्याहूनही मंद व्यायाम करावा, असा वाग्भटाचा निर्देश आहे. विसर्गकाळाच्या प्रारंभी, म्हणजे वर्षा ऋतूत, देहबल क्षीण असते व वात प्रकुपित असतो, असे चरकाचार्य म्हणतात. ज्या ऋतूत व्यायाम सर्वांत कमी हवा त्याच ऋतूत आपल्याकडे तो सर्वांत अधिक होतो. ही रूढी आपण बदलू शकणार नाही. तिचे परिणाम मात्र आपल्यापुढे येतच राहणार.

यंत्र करते काय?

आत एक लहान मोटर असते. तिच्या वर्तुळाकार गतीचे पुढेमागे होणाऱ्या गतीत रूपांतर होऊन टोकाचा गोळा त्वचेवर ठोके देतो. सामान्यतः मिनिटाला सुमारे १२०० ते ३२०० ठोके बसतात आणि चांगल्या यंत्रात गोळा १० ते १६ मिलिमीटर पुढे येतो. स्वस्त यंत्रांत ही चाल पुष्कळदा फारच थोडी असते, त्यामुळे स्नायूपर्यंत दाब न पोहोचता वरवर थरथर तेवढी जाणवते. जेसन वर्सलँड या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने २००७ साली मोटारसायकलच्या अपघातानंतर स्वतःच्या वेदनेसाठी असे साधन बनविले व पुढे ते ‘थेरागन’ या नावाने बाजारात आले. आज त्याच्या शेकडो नकला मिळतात.

खोक्यावर बहुधा ‘लॅक्टिक ॲसिड बाहेर काढते’ असे लिहिलेले असते. हे विधान विक्रेत्याने ग्राहकापुढे उच्चारू नये. व्यायामाने वाढलेले लॅक्टेट विश्रांतीनंतर साधारण तासाभरात आपोआप पूर्ववत होते. अंगदुखी मात्र बारा ते चोवीस तासांनी सुरू होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरास पोहोचते. तिचे कारण स्नायुतंतूंची सूक्ष्म इजा व त्यानंतरचा शोथ हे आहे. ताणले जात असतानाच स्नायूला जोर लावावा लागला की ही इजा अधिक होते. गुलमर्ग किंवा औलीच्या बर्फाळ उतारावर स्कीइंग करून आलेल्याच्या मांड्या ज्या कारणाने दुखतात, त्याच कारणाने मलंगगड उतरून आलेल्याच्या दुखतात. चढताना दम लागतो, पण दुखणे उतरणीचे असते. मांसमेदोगत वाताच्या वर्णनात चरकाचार्यांनी अंग जड होणे, अतिशय थकवा आणि काठीने वा मुठीने मारल्यासारखी वेदना ही लक्षणे दिली आहेत. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरणाऱ्या धावपटूला याहून अचूक वर्णन सुचणार नाही.

मसाज गनवर अभ्यासही झाले आहेत, पण ते लहान आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोळा पुरुषांच्या पोटरीवर पाच मिनिटे यंत्र वापरल्यावर घोट्याची हालचाल सुमारे पाच अंशांनी वाढली. स्नायूच्या बलात मात्र वाढही झाली नाही व घटही झाली नाही. २०२३ च्या एका आढाव्यात अशा अकरा अभ्यासांचा विचार केलेला आहे. त्याचाही निष्कर्ष याच दिशेचा आहे : लवचिकता व दुखण्याची जाणीव यांत अल्पकाळ सुधारणा दिसते, बल, वेग व चपळता यांत लाभ दिसत नाही, क्वचित घट दिसते. म्हणजे यंत्राने दुखणे थोडा वेळ सुसह्य होते व आखडलेपणा सुटतो. इजा लवकर भरून येते असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. ज्याला उद्या कामावर जायचे आहे त्याच्या दृष्टीने एवढाही उपयोग कमी नव्हे.

हे मर्दन कोणत्या प्रकारचे?

व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकारक मर्दन करावे, हे वाग्भटाने दिनचर्येतच सांगितले आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन, उद्घर्षण व संवाहन यांची फले वेगवेगळी दिली आहेत. संवाहन निद्राकर व श्रमहर म्हटले आहे. मसाज गन यांपैकी कशातच नीट बसत नाही. तिची क्रिया रूक्ष, शीघ्र, चल व आघातरूप आहे. हे गुण कोणाचे, हे वाचकांस सांगावयास नको. म्हणून अल्प मात्रेत ती स्तब्धता मोडते, परंतु कोरड्या अंगावर दीर्घकाळ वापरल्यास ज्या वाताचे शमन करावयाचे त्यालाच वाढवू शकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मत म्हणूनच ते घ्यावे. अभ्यंगात स्नेह धातूंपर्यंत पोहोचण्यास लागणारा काळ डल्हणाने मात्रांत मोजून दिला आहे : रोमकूपापर्यंत तीनशे, मांसापर्यंत सहाशे, मज्जेपर्यंत नऊशे. यंत्राजवळ स्नेह नाही, म्हणून हा हिशेब त्याला लागूच होत नाही.

दुसरा भेद माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. हात मर्दन करता करता परीक्षाही करतो. कोठे उष्णता आहे, कोठे शोथ आहे, एकच पोटरी ताठ आहे की दोन्ही, रुग्ण कोठे अंग चोरतो, हे बोटांना कळते. त्रिविध परीक्षेतील स्पर्शन तेथे चालूच असते. यंत्राच्या गोळ्याला यातले काही कळत नाही, आणि घरी एकट्याने ते वापरणाऱ्यालाही बहुधा कळत नाही.

मर्मस्थाने

एकशे सात मर्मांपैकी ज्या जागी तरुण मंडळी यंत्र सर्वांत आवडीने टेकवितात ती जागा म्हणजे पोटरीचा मध्य, अर्थात इंद्रबस्ती. हे मांसमर्म असून त्याच्या वेधाने रक्तक्षय होतो, असे सुश्रुत सांगतो. खाली मोठ्या रक्तवाहिन्या आहेत हे आजचे शारीरही सांगते. तेथे यंत्र मुळीच लावू नये असे नव्हे, पण एकाच बिंदूवर रोवून धरू नये. जांघेतील लोहिताक्ष, मांडीच्या मध्यातील ऊर्वी, गुडघ्यामागील खळगा व काख येथे ते टाळावे.

गोविंदा पथकातील खालच्या थरांच्या बाबतीत विशेष सावध राहावे लागते. वरच्या गड्याचे पाय खांद्यावर, अंस व अंसफलक यांच्या आसपास, रोवलेले असतात आणि सरावानंतर खांदा व मान या दोन्ही ठिकाणी सारखेच आखडलेपण येते. खांद्याच्या जाड मांसल भागावर सौम्य गती चालेल. मानेच्या बाजूला व पुढे मात्र नीला, मन्या व मातृका ही मर्मे आहेत. तेथे यंत्र सर्वथा निषिद्ध समजावे. अमेरिकेत एका तरुणीने अनेक दिवस मानेवर मसाज गन वापरल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या मानेतील रोहिणीचा आतील पापुद्रा फाटल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण मर्मविचार शिकलेल्याला अधिक पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

पोटरी दुखते म्हणून आलेला रुग्ण

येथे विक्रेत्यांनी कृपया थोडे थांबून वाचावे. जुलै-ऑगस्टमध्ये ‘पोटऱ्या फार दुखतात, मशीन द्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला श्रमच झालेले असतात असे नाही. पाण्यातून धावल्यावर वा चालल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी एकाएकी ताप, डोकेदुखी, डोळे लाल होणे व पोटऱ्यांत तीव्र वेदना अशी लक्षणे दिसली, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई-ठाण्यात हा रोग किती फैलावला हे आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. डेंग्यूतही अंग ठेचल्यासारखे दुखते, आणि बिंबाणू घटलेल्या रुग्णाच्या मांसावर ठोके देणे म्हणजे रक्तस्रावास निमंत्रण होय. तरुणज्वरात व अजीर्णात अभ्यंगसुद्धा वर्ज्य आहे. मग यंत्राची गोष्टच नको. म्हणून पहिला प्रश्न ‘ताप आहे का?’ हाच असावा.

दुसरा प्रश्न, दुखणे एकाच पायाचे आहे का, आणि तो सुजला आहे का? लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर, प्रसूतीनंतर किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एकच पोटरी सुजून, गरम होऊन दुखत असेल तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिला ठोके देणे धोक्याचे आहे. वारफरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी औषधे घेणारे, पायांची संवेदना गमावलेले मधुमेही, गर्भिणी, नुकताच स्नायू फाटलेला वा मुरगळलेला खेळाडू यांनाही यंत्र देऊ नये. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्याचे स्नायू दुखत असतील तर आधी त्या औषधाचा विचार करावा.

तिसरा प्रश्न लघवीच्या रंगाचा. चीनमधील एका तरुण स्त्रीने सायकल चालविल्यानंतर मांड्यांवर मसाज गनचा वापर झाला आणि पुढे स्नायूंचा विघात होऊन तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. हे वृत्त २०२१ साली प्रसिद्ध झाले. तिला पांडुरोग होता व त्यावर उपचार झालेले नव्हते. अशा वेळी लघवी काळ्या चहासारखी होते. असे कोणी सांगितले तर तेल, काढा, यंत्र सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे, कारण वृक्कांचा प्रश्न असतो.

वापरावयाचे झाल्यास

वरील शंका दूर झाल्यावर, निरोगी खेळाडूसाठी प्रस्तुत लेखकाच्या चिकित्सालयातील क्रम असा. शर्यतीच्या दिवशी पाणी, लघु व स्निग्ध आहार आणि विश्रांती. जेवण पचल्यावर कोमट सहचर किंवा महानारायण तेलाने दोन्ही पायांस हाताने अभ्यंग; दाह व लाली असल्यास चंदनबलालाक्षादी तेल. दुसऱ्या दिवसापासून हवे तर यंत्र, तेही सर्वांत कमी गतीवर, मऊ गोळा लावून, मांसल भागावरून सावकाश फिरवीत. एका स्नायुसमूहास एक ते दोन मिनिटे, अधिक नाही. हाड, सांधा, मणका यांवर टेकवू नये. वेदना सुखद वाटण्याऐवजी बोचू लागली की थांबावे. ‘जितके दुखेल तितके उतरेल’ ही व्यायामशाळेतील समजूत येथे घातक आहे. त्यानंतर गरम पाण्याने स्नान पुरते. शर्यतीच्या अगदी आधी यंत्र वापरण्याचा आग्रह धरू नये.

तेल भरपूर लावून लगेच यंत्र चालविल्यास गोळा घसरतो, स्पंज तेल शोषून कुजतो आणि तेल मोटारीपर्यंत जाते. म्हणून अभ्यंगानंतर पुसून घेणे, किंवा धुता येणारा सिलिकॉनचा गोळा वापरणे बरे. पथकात वा व्यायामशाळेत एकच यंत्र वीस जण वापरतात. पावसाळ्यात गजकर्ण त्या गोळ्यावरूनच एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर जाते. विक्रेत्याने यंत्राबरोबर एक जादा गोळा व छापील सूचनांचा मराठी कागद द्यावा. ठोक्यांची संख्या, गोळ्याची चाल व बॅटरीची हमी लिहिलेली नसेल ते यंत्र दुकानात ठेवू नये. बॅटरी लिथियमची असते. चार्ज करताना ती तापू लागली तर यंत्र बिलासह परत घेण्याची तयारी ठेवावी.