गिरडचे नारळ आणि गिझाची मसूर

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरड हे गाव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांचे भाविक तेथे श्रद्धेने जातात. टेकडीवर गोलसर दगड विखुरलेले आढळतात. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांच्याजवळच्या नारळांचे आणि इतर मालाचे दगड झाले. पुढे त्यांनी क्षमा मागितल्यावर फकिराने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला.

अशीच एक कथा इजिप्तमध्येही होती. इसवी सनापूर्वी २५च्या सुमारास ग्रीक भूगोलज्ञ स्ट्रॅबो तेथे गेला असता, पिरॅमिडसमोरच्या दगडी चुऱ्यात त्याला मसुरीच्या दाण्यांसारखे खडे दिसले. बांधकामावरील मजुरांच्या जेवणातून उरलेली मसूर दगड होऊन पडली आहे, असे लोक सांगत. असे खडे त्याने आपल्या मुलखातही पाहिले होते.

कथा सारख्या असल्या तरी दगड मात्र अगदी वेगळे आहेत. गिरडचे दगड अग्नीच्या पोटातले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर पसरले. थिजणाऱ्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आणि खनिजयुक्त पाण्यातून झिओलाइटसारखी खनिजे त्यांत साचली. भोवतालचा काळा पाषाण झिजून गेला, पण आतील कठीण गोळे उरले. तालुक्याच्या नावात समुद्र असला, तरी या गोट्यांचा समुद्राशी संबंध नाही.

गिझाची ‘मसूर’ मात्र खरोखरच एकेकाळी सजीव होती. ती न्यूम्युलाइट नावाच्या सागरी जीवांची कवचे आहेत. लॅटिन भाषेतील ‘छोटे नाणे’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले. हे जीव फोरॅमिनीफेरा या गटातले, म्हणजे अमीबासारखे एकपेशीय. शरीरातून सुतासारखे बारीक तंतू बाहेर काढून ते अन्न पकडतात आणि अंगाभोवती चुन्याचे कवच रचतात. या गटातील बहुतेक जीव मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. मग एकाच पेशीचा जीव नाण्याएवढा कसा होतो?

याचे उत्तर शैवालांशी असलेल्या सहजीवनात आहे. उथळ, उबदार समुद्रातील मोठे फोरॅमिनीफेरा आपल्या पेशीत सूक्ष्म शैवाले बाळगतात. शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातील काही भाग यजमानाला देतात. त्याबदल्यात त्यांना आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनयुक्त पोषकद्रव्ये मिळतात. प्रवाळ बेटांभोवतीचे पाणी नितळ असते, कारण त्यात पोषकद्रव्ये कमी असतात. अशा दुष्काळी पाण्यात मिळालेले अन्न वाया न घालवता पुन्हापुन्हा वापरणाऱ्या या भागीदारीचा लाभ होतो. यजमानाचे कवच अनेक लहान कप्प्यांत विभागलेले असते आणि त्याच्या भिंतींतून प्रकाश आत झिरपतो. एका परीने ते शैवालांसाठी उभारलेले काचघरच होय.

प्रत्येक कुळाचा जोडीदार वेगळा असतो. अँफिस्टेजिना, कॅल्करिना आणि न्यूम्युलाइटची आजची भावंडे डायटम शैवाले पाळतात. एरवी डायटमला वाळूच्या द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे कवच असते. पण यजमानाच्या पेशीत ते कवचाविना राहते. सोराइट्स आणि त्याच्या आप्तांत डायनोफ्लॅजेलेट असतात, पेनेरोप्लिसमध्ये लाल शैवाल, तर आर्काइआसमध्ये हिरवे.

जोडीदारावरून राहण्याची जागाही बरीचशी ठरते. लाल आणि हिरवी शैवाले बाळगणारे जीव उथळ पाण्यात राहतात. सोराइट्स बहुधा समुद्री गवताच्या पानांना चिकटलेला आढळतो. खोल पाण्यात पोचणारा निळसर प्रकाश डायटमला वापरता येतो, म्हणून त्यांचे यजमान सर्वांत खोल जातात. सायक्लोक्लिपिअस हा जीव शंभर मीटरहून अधिक खोलीवर राहतो आणि त्याची पातळ चकती १२ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. लाटांच्या माऱ्यात राहणाऱ्यांची कवचे जाड, तर अंधूक प्रकाशातील जीवांची चपटी व रुंद असतात. त्यामुळे प्राचीन खडकातील कवचाचा आकार पाहून तेथील समुद्र किती खोल होता, याचा अंदाज बांधता येतो.

सुमारे ५ कोटी ६० लाख ते ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या इओसीन काळात न्यूम्युलाइटची भरभराट झाली. भारतात त्यांचे खडक कच्छ, सुरत-भरूच, मेघालय आणि हिमालयाच्या परिसरात सापडतात. विदर्भात ते नाहीत. मात्र विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळात सागरी फोरॅमिनीफेरा मिळाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर लगेचच्या काळातील हे जीव पाण्यात तरंगणारे व अतिसूक्ष्म होते, प्रवाळांच्या तळावर राहणारे नव्हेत. तरीही मध्य भारतापर्यंत समुद्राचा एखादा फाटा आला होता, असे त्यावरून मानले गेले.

शैवालांसह राहणारे जिवंत फोरॅमिनीफेरा पाहायचे, तर लक्षद्वीपला जावे लागते. तेथील किनाऱ्याच्या पांढऱ्या वाळूत प्रवाळांच्या चुऱ्याबरोबर अँफिस्टेजिना आणि कॅल्करिना यांची कवचेही असतात. प्रशांत महासागरातील तुवालूसारख्या बेटांवर तर वाळूचा मोठा हिस्सा अशा कवचांचाच आहे. समुद्राची पातळी वाढत असताना सखल बेटांना नव्या वाळूचा पुरवठा कोण करते, हा केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय उरत नाही.

ही भागीदारी नाजूकही आहे. सांडपाणी आणि खतांमुळे पाणी गढूळ झाले, की प्रकाश कमी होतो आणि या जीवांचा वरचष्मा संपतो. पाणी तापले किंवा प्रकाश असह्य झाला, की शैवाले गमावून ते पांढरे पडतात. अँफिस्टेजिनाचे असे विरंजन १९९१ साली अमेरिकेतील फ्लोरिडा कीज येथे प्रथम लक्षात आले. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी उष्ण पाण्याचे तडाखे सोसले. वाळूच्या चिमटीतील कवचे मोजून प्रवाळ क्षेत्राचे पाणी किती निरोगी आहे, हे ठरवण्याची एक पद्धत २००३ साली मांडली गेली. शैवाले बाळगणाऱ्यांचे प्रमाण त्यात अधिक भरले, तर प्रवाळांना तेथे तग धरता येईल असे समजतात. ते घटू लागले, तर प्रवाळांच्या आधी वाळूच इशारा देते.