फुलविक्रेत्यांसाठी माहिती: फुले ताजी ठेवा, कर्जाचा हप्ता वेळेवर भरा

तुम्ही पानिपतमध्ये गाड्यावर, टपरीत किंवा छोट्या दुकानात फुले विकता का? मग ही माहिती तुमच्यासाठी आहे. दिल्लीच्या गाझीपूर फूल मंडीतून पहाटे निघालेला माल तुमच्यापर्यंत येईतो काही तास गेलेले असतात. १४ जानेवारीला काला आम स्मारकावर वाहायचे हार थंडीमुळे टिकतात. मे-जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की तीच फुले दुपारपर्यंत माना टाकतात.

हप्त्याचा हिशेब

पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्याला पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत मिळते. ते वर्षभरात फेडायचे असल्यास मुद्दल महिन्याला १,२५० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ४२ रुपये होते. व्याज वेगळे. तुम्ही रोज ४२ रुपयांहून जास्त किमतीची फुले फेकत असाल, तर तुमचा हप्ता कचऱ्यात जात आहे. म्हणून आधी फुले वाचवा.

फुले लवकर का सुकतात?

तोडलेले फूल जिवंतच असते. ते देठातून पाणी ओढते. देठाचे टोक सुकले, त्यात हवा शिरली किंवा घाण पाण्यातील जिवाणूंनी ते बंद झाले, की बादलीत पाणी असूनही फूल तहानलेले राहते.

दांड्याची फुले (गुलाब, जरबेरा, ग्लॅडिओलस)

१. माल आल्याबरोबर जुडी सैल करा. धारदार चाकूने देठाचे टोक २ सेंटिमीटर तिरपे कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. बोथट कात्रीने देठ चेचला जातो.
२. पाण्यात बुडणारी पाने काढून टाका. ती कुजून पाणी खराब करतात.
३. पाणी रोज बदला. बादल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून स्वच्छ धुवा. ब्लीचिंग पावडरमध्ये लिंबाचा रस किंवा आम्ल कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.
४. पाण्यात नुसती साखर टाकू नका. त्यामुळे जिवाणू वाढतात. फुलांसाठी मिळणारी तयार पुडी वापरा. ती नसेल तर रोजचे स्वच्छ पाणी पुरेसे आहे.
५. जरबेराला थोडेच पाणी द्या. त्याचा देठ खोल पाण्यात सडतो. ग्लॅडिओलस उभाच ठेवा. आडवा ठेवला तर शेंडा वर वळतो.
६. आंबे, केळी, सफरचंदे यांच्याजवळ फुले ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि फुले लवकर गळतात. घरच्या फ्रिजलाही हाच नियम लागू आहे.

सुटी फुले (झेंडू, मोगरा)

ढिगावर पाणी ओतू नका. आतली फुले गरम होऊन सडतात. टोपलीत पातळ थर करा आणि वर पिळून घेतलेले ओले सुती कापड झाका.

विजेशिवाय गारवा

दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेने (पुसा) विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला आहे. विटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ७.५ सेंटिमीटर जागा ठेवून त्यात वाळू भरतात आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवतात. कोरड्या उन्हाळ्यात आत बाहेरपेक्षा बरेच गार राहते. घराच्या अंगणात, सावलीत हा कक्ष बांधता येतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने त्याचा फायदा कमी होतो. गाड्यावर ओले गोणपाट आणि सावली हाच सोपा उपाय आहे.

कोणती योजना कोणासाठी?

• पीएम स्वनिधी: पथविक्रेत्यांसाठी, विनातारण. पहिले कर्ज १५,०००, दुसरे २५,००० आणि तिसरे ५०,००० रुपयांपर्यंत. हप्ते वेळेवर भरल्यास ७ टक्के व्याज अनुदान मिळते. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक, बँक खाते आणि विक्रेता प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र लागते. तेही नसेल तर नगर निगमकडे शिफारसपत्रासाठी अर्ज करा.

• पीएम विश्वकर्मा: हाताने हार-गजरे करणाऱ्यांसाठी. योजनेतील १८ व्यवसायांत मालाकार हा व्यवसाय आहे. प्रशिक्षण काळात दररोज ५०० रुपये, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. वय किमान १८ वर्षे हवे. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. नोंदणी सामान्य सेवा केंद्रात (सीएससी) होते.

• मुद्रा (शिशु): दुकानासाठी फ्रिज किंवा इतर सामान घ्यायचे असल्यास ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज.

अर्ज करण्यापूर्वी लक्षात ठेवा

स्वनिधी किंवा मुद्राचे कर्ज बाकी असताना विश्वकर्मा योजनेचा लाभ मिळत नाही. ते कर्ज पूर्ण फेडल्यावर तुम्ही पात्र ठरू शकता. म्हणून तुम्ही हार करणारे असाल, तर आधी कोणती योजना घ्यायची हे ठरवूनच अर्ज करा. कर्ज आधीच घेतले असेल, तर ते फेडल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवा.

आजपासून एक सोपे काम करा: रात्री फेकलेल्या फुलांची किंमत वहीत लिहा. महिनाअखेरीस ती बेरीज हप्त्याशेजारी मांडून पाहा.