कार्डावरचा आकडा विचारा

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. त्यातले काही दिवस मी हदगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात होते. कापूस वेचणीचा रोज बुडवून गरोदर बाया तपासणीला यायच्या. बीपी झालं, रक्त तपासलं की कार्ड पिशवीत टाकून निघायच्या. "किती निघालं, ताई?" असं विचारणारी एखादीच. सिस्टर मला म्हणायच्या, "आकडा नुसता लिहू नको, बाईला सांग."

तो आकडा असा समजून घ्या. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं, म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली असेल, तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही; मोठ्या दवाखान्यात जावंच लागतं. रक्त ठीक असलं तरी चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस. कमी असेल तर सिस्टर सांगतील तितक्या. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नका. चहासोबत मात्र गोळी घेऊ नका. लिंबूपाण्यासोबत ती चांगली लागू पडते.

बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. चौथ्या महिन्यापासून दर ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

बचत गटात आपण पै-पैचा हिशेब ठेवतो. गटातल्या गरोदर मैत्रिणीलाही विचारा, "तुझा आकडा तुला माहीत आहे का गं?"