वस्तीतली शांतता

रोमच्या उत्तरेला, लात्सियो प्रांतात, चिविता दि बान्योरेज्यो नावाचं गाव आहे. खाली ठिसूळ चिकणमाती, तिच्यावर ज्वालामुखीच्या राखेतून घडलेला तूफा दगड आणि त्या दगडाच्या माथ्यावर घरं. पायथ्याची माती शतकानुशतकं ढासळते आहे. १६९५च्या भूकंपानंतर लोकांनी तिथून काढता पाय घेतला आणि आज कायमचे राहणारे हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच उरले आहेत. शेजारच्या बान्योरेज्योहून तिथं जायला १९६५ साली बांधलेला अरुंद पादचारी पूल आहे आणि २०१३पासून त्या पुलावर तिकीट लागतं. ‘मरणारं गाव’ अशी त्याची ओळख झाली आणि त्या ओळखीनेच लाखो प्रवासी तिथं ओढले गेले. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात तिथं शांतता शोधणं म्हणजे जत्रेत एकांत शोधणं.

इटलीतल्या कमी माहितीच्या डोंगरी गावात चार दिवस निवांत राहावं, अशी इच्छा असणारे मराठी प्रवासी आता बरेच भेटतात. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही सहल एकदा झालेली असते. रांगा आणि सकाळी सातचा बसचा भोंगा यांचा कंटाळा आलेला असतो. मग छायाचित्रं पाहून एखादं ‘अस्पर्श’ गाव निवडलं जातं. इथंच थोडं थांबून विचार करायला हवा असं मला वाटतं. रिकाम्या गावातली शांतता आणि वस्ती असलेल्या गावातली शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसऱ्या दिवशी खायला उठते. दुसरीत माणूस खरोखर विसावतो, कारण तिथं सकाळी पावाची भट्टी पेटते, चौकात म्हातारे पत्ते खेळतात आणि पाहुण्याला कुणीतरी नमस्कार करतं.

मुळात ही गावं डोंगरावर का बसली आणि रिकामी का झाली, हे कळलं की निवड सोपी होते. दहाव्या ते बाराव्या शतकात असुरक्षित सपाटी सोडून लोक तटबंदीच्या आत, उंचावर गेले. खोऱ्यांत दलदल होती, दलदलीत हिवताप होता. इटली हिवतापमुक्त झाल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने केली ती थेट १९७० साली. मात्र डोंगरावरची शेती कधीच भरल्या पोटाची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे १ कोटी ४० लाख इटालियन देश सोडून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा ओघ लागला: तोरीनो-मिलानोच्या कारखान्यांकडे आणि बेल्जियमच्या कोळसा खाणींकडे. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ कामगार गेले. त्यांतले १३६ इटालियन होते आणि त्यातही अब्रुत्सो प्रांतातल्या डोंगरी गावांतले पुष्कळ. आज त्या गावांमधून फिरताना बंद दारांवरची गंजलेली कुलुपं मोहक वाटतात. त्या प्रत्येक कुलपामागे कुणाचं तरी असं जाणं आहे, हे पाहुण्याने मनात ठेवलं पाहिजे.

अब्रुत्सोमध्येच थोडं रेंगाळू या, कारण माझ्या मते शांत मुक्कामासाठी इटलीत याहून चांगला प्रदेश नाही. रोमच्या तिबुर्तीना स्थानकावरून बसने दोन तासांच्या आत लाक्विला गाठता येतं. तिथून वर ग्रान सास्सोच्या रांगेत, १,२५० मीटरवर सांतो स्तेफानो दि सेस्सानियो आहे. शंभर-सव्वाशे वस्तीचं हे गाव एके काळी श्रीमंत होतं आणि ती श्रीमंती मेंढ्यांच्या पाठीवरून आली होती. १५७९ साली फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने हा मुलूख विकत घेतला तो इथल्या काळ्या, भरड, चिवट लोकरीसाठी. गावाच्या वेशीवर मेदिचींचं राजचिन्ह अजून आहे.

या लोकरीमागची व्यवस्था आपल्या वाचकाला लगेच उमगेल. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात, तसे अब्रुत्सोचे मेंढपाळ हिवाळ्याच्या तोंडावर कळप घेऊन दक्षिणेला पुल्याच्या सपाटीवर उतरत आणि उन्हाळ्यात परत वर येत. या वाटांना ‘त्रात्तूरो’ म्हणतात. लाक्विला ते फोज्जा ही सर्वांत मोठी वाट २४४ किलोमीटरची आणि तिची रुंदी ठरलेली: १११ मीटर. रस्ता नव्हे, चरत चरत सरकणारी कुरणाची पट्टीच ती. १४४७ साली आरागोनच्या आल्फोन्सो राजाने या सगळ्या स्थलांतरावर कर बसवून त्याचं एक स्वतंत्र खातंच उभं केलं; ते १८०६पर्यंत चाललं. पुढे कुरणं शेतीखाली गेली, दूरदेशची लोकर स्वस्तात येऊ लागली आणि गावाचा कणा मोडला. २०१९ साली युनेस्कोने या हंगामी स्थलांतराला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा वाटांवर मेंढपाळ मोजकेच उरले होते.

१९९९ साली दानिएले किल्ग्रेन नावाचा एक स्वीडिश-इटालियन तरुण मोटारसायकलवरून फिरत इथं पोहोचला. घरं पडायला आलेली, पण आधुनिक सिमेंटचा हातही न लागलेली. त्याने त्यांतली बरीच घरं हळूहळू विकत घेतली आणि गावात व भोवती नवं बांधकाम होऊ नये यासाठी स्थानिक प्रशासनाशी बोलणी केली. मग या घरांच्या खोल्या झाल्या. इथली खोली जवळून पाहण्यासारखी आहे. भिंतीवर शतकांच्या चुलीची काजळी तशीच ठेवलेली. ती खरवडून पांढरा रंग दिलेला नाही. दार जड लाकडाचं, खिडकी तळहाताएवढी, कारण बाहेर थंडी आणि आत एकच शेगडी असे ते दिवस होते. पलंगावर हातमागावर विणलेली लोकरी चादर. दूरदर्शन संच नाही. मात्र जमिनीखालून ऊब देणाऱ्या नळ्या घातलेल्या आहेत आणि स्नानगृह आजचं आहे. गरिबीचा नुसता देखावा होण्याचा धोका अशा ठिकाणी असतोच आणि इथले दर पाहता तो प्रश्न विचारलाच पाहिजे. तरी जुनं घर जसं होतं तसं वाचवायचं म्हणजे काय, याचा इतका काटेकोर विचार मी इतरत्र क्वचितच वाचला आहे.

६ एप्रिल २००९च्या पहाटे लाक्विलाला भूकंपाने हादरवलं. ३०९ माणसं दगावली. सांतो स्तेफानोच्या माथ्यावरचा मेदिचींचा गोल बुरूज कोसळला. तो आता पुन्हा उभा आहे, पण या प्रदेशात कुठेही राहताना भिंतींतून आरपार गेलेल्या पोलादी सळ्या आणि त्यांच्या टोकाच्या पट्ट्या दिसतात, त्या भूकंपांच्या अनुभवातून आल्या आहेत. खोली ठरवताना दुरुस्ती भूकंपानंतर झाली आहे का, हे खुशाल विचारावं. कुणी वाईट मानत नाही.

घरं गावभर विखुरलेली, स्वागतकक्ष मात्र एकच, या पद्धतीला ‘अल्बेर्गो दिफ्फूझो’ म्हणतात, आणि तिचा जन्मही भूकंपातलाच. ६ मे १९७६ रोजी ईशान्येकडच्या फ्रियूली प्रांतात सुमारे हजार माणसं मृत्युमुखी पडली. घरं नव्याने बांधून झाली, पण राहायला माणसं कुठं होती? १९८२ साली कार्निया भागातल्या कोमेल्यान्स गावी या रिकाम्या घरांचं काय करायचं यावर विचार सुरू झाला आणि पर्यटनाचे अभ्यासक जानकार्लो दाल्लारा यांनी त्यातून ही कल्पना पुढे घडवली. नवी इमारत बांधायची नाही; असलेल्या घरांच्या खोल्या करायच्या; त्या एकमेकींपासून साधारण २०० मीटरच्या आत असाव्यात; व्यवस्थापन एकाचं असावं; आणि सर्वांत महत्त्वाचं, गावात जितीजागती वस्ती असावी. १९९८ साली सार्डिनियाने या पद्धतीला सर्वांत आधी कायद्यात जागा दिली. आज बहुतेक प्रांतांत तशी तरतूद आहे.

वस्तीची ही अट मला फार मोलाची वाटते. सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या सुट्या घरात किल्ली पेटीतून काढायची, राहायचं, किल्ली परत ठेवून निघायचं. माणूस भेटतच नाही. अल्बेर्गो दिफ्फूझोमध्ये न्याहारीसाठी गल्ली ओलांडावी लागते, आणि गल्ली ओलांडताना गाव भेटतं. पाहुण्याचा पैसाही गावातच राहण्याची शक्यता अधिक. सुटं घरच घ्यायचं असेल तर जाहिरातीत राष्ट्रीय नोंदणी क्रमांक, म्हणजे ‘सीआयएन’ आहे ना, तेवढं पाहावं. २०२५पासून तो सक्तीचा झाला आहे.

शेतावर राहायचं असेल तर ‘आग्रितुरिझ्मो’ आहेच. १९८५च्या कायद्याने त्याला मान्यता मिळाली, २००६च्या कायद्याने नियम आखून दिले: शेती हाच मुख्य व्यवसाय हवा, पाहुणचार त्याला जोड. देशभर अशी पंचवीस हजारांच्या वर ठिकाणं आहेत, त्यामुळे चांगलं-वाईट सगळंच त्यात आलं. जिथं घरचं काही पिकतच नाही तिथं न जाणं बरं.

गाव निवडायला दोन याद्या हाताशी ठेवाव्यात. ‘इटलीतील सर्वांत सुंदर गावं’ ही संघटना २००१ची. तिच्यात साडेतीनशेच्या वर गावं आहेत. ‘तूरिंग क्लब’ या पर्यटन संस्थेची नारिंगी पताका मला त्याहून उपयोगी वाटते. ती समुद्रापासून आतल्या भागातल्या, १५ हजारांपर्यंत वस्तीच्या गावांनाच मिळते आणि सौंदर्याबरोबर सोयीही तपासते. यादीत नाव मिळालं, की पुढचं काम आपलं. गावात किराणा दुकान आहे का, बेकरी आठवड्यातून किती दिवस उघडी, औषधाचं दुकान किती अंतरावर, रविवारी बस येते का? बहुतेक ठिकाणी रविवारी बस येत नाही किंवा एखादीच येते. गाडी भाड्याने घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्यावा, आणि गाडी वेशीबाहेर ठेवून सामान हाताने न्यावं लागणार हे धरून चालावं. गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच असतात. सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल तर खोली वेशीजवळची मागावी.

हंगामाबद्दल माझं मत ठाम आहे: ऑगस्ट टाळावा. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोला तोरीनो, ब्रसेल्स, टोरांटोहून गावची माणसं परततात, घरं उघडतात, रात्रभर गाणंबजावणं चालतं. तो त्यांचा सण आहे आणि त्यात आनंदही आहे, पण निवांतपणा नाही. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. आपली दिवाळीची सुट्टी तर अगदी योग्य वेळी येते. लाक्विलाच्या आग्नेयेला नावेल्लीच्या पठारावर त्याच सुमारास केशराचा हंगाम असतो. जांभळी फुलं उन्हं येण्याआधी, पाकळ्या मिटलेल्या असताना खुडतात आणि त्याच दिवशी घरातलं सगळं मनुष्यबळ टेबलाभोवती बसून लाल तंतू वेगळे करतं. किलोभर केशराला दीड-दोन लाख फुलं लागतात. तिथून जवळच बोमिनाकोला सान पेल्लेग्रीनोचं एवढंसं प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंती आणि छत १२६३ सालच्या चित्रांनी भरलेले आहेत आणि त्यात महिन्यांची चित्रमय दिनदर्शिकाही आहे. इथं धावतपळत येऊ नये. डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसावं.

शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. डोंगरातलं जेवण गरिबीतून आलेलं, म्हणजे डाळी-कडधान्यांचं आहे. सांतो स्तेफानोची मसूर अगदी बारीक आणि गडद तपकिरी. भिजवायची गरज नाही. पाण्यात लसूण, तमालपत्र आणि मीठ घालून ती शिजवतात, वरून ऑलिव्हचं तेल आणि बाजूला भाजलेला पाव. आपल्या घरच्या आमटीची सवय असलेल्या जिभेला ती पहिल्या घासाला अळणी वाटते, तिसऱ्या घासाला तिची स्वतःची चव कळते. एवढंच विचारून घ्यावं, की रश्शात डुकराची चरबी तर नाही ना. आणि तिथल्या मेंढीच्या चीजमध्ये सहसा प्राणिज रेनेट असतं, हेही ठाऊक असावं. जेवणाची वेळ दुपारी अडीचला संपते, ती संध्याकाळी साडेसातनंतरच पुन्हा सुरू होते.

अब्रुत्सोतून समुद्राकडे उतरताना तोरीनो दि सांग्रोजवळ युद्धस्मशानभूमी आहे. तिथल्या दहनस्मारकावर अविभाजित हिंदुस्थानच्या पाचशेहून अधिक जवानांची नावं आहेत. १९४३च्या नोव्हेंबरात सांग्रो नदीवर लढलेल्या फौजेत ८वी भारतीय डिव्हिजन होती. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक उतरले; ५,७८२ परतले नाहीत. आपण ज्या डोंगरांत विसाव्यासाठी जातो, तिथं आपली माणसं अशी आधीच जाऊन आलेली आहेत, हे मराठी प्रवाशाला कुणी सांगत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

हे जवान जिथं लढले, त्यातलं एक गाव मुक्कामालाही उत्तम आहे: उंब्रिया प्रांतातलं माँतोने. तिबेरच्या वरच्या खोऱ्यात, टेकडीच्या माथ्यावर तटबंदीने वेढलेलं, दीड हजारांच्या आसपास वस्तीचं. पंधराव्या शतकातला सेनानी ब्राच्चो फोर्तेब्राच्चो याच्या घराण्याचं हे गाव. १० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे पडले किंवा जायबंदी झाले. ते एकटे पुढे धावले, बॉम्बगोळा टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि गोळ्या भरायला वेळ नसल्यामुळे उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. गाव आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातलं. त्यांचा देह सापडला नाही. नाव कासीनोच्या स्मारकावर आहे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३मध्ये माँतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांच्या नावाने सूर्यघडीच्या रूपात स्मारक उभारलं. त्यावर लॅटिन ओळ आहे; आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा तिचा आशय.

माँतोनेत चौक आहे, चौकात बसायला जागा आहे, संध्याकाळी शाळकरी पोरं तिथं चेंडू खेळू शकतात एवढी वस्ती आहे. जुलैतला चित्रपट महोत्सव आणि ऑगस्टातला सणाचा आठवडा सोडला, तर खोली मिळायला अडचण पडू नये. पेरूजाहून गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येतं. तीन रात्री तरी राहा. आणि माणगावकडचं कुणी सोबत असेल, तर गावात गेल्या गेल्या स्मारकाची वाट विचारा.