औंधच्या मुलांनो, इलेक्ट्रिकल की कॉम्प्युटर?

औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत उभी राहिली. यंत्रविद्या आपल्या मातीला नवी नाही. आज मात्र इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर यांची सांगड घालायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. आधुनिक पवनचक्कीच बघा ना! पाती वारा फिरवतो, पण त्यांचा कोन किती ठेवायचा आणि वीज ग्रिडशी कशी जुळवायची, हे कंट्रोलरमधला प्रोग्राम ठरवतो. म्हणून इलेक्ट्रिकल घेणाऱ्यांनो, सी, पायथन या प्रोग्रामिंग भाषा शिकाच. कॉम्प्युटरवाल्यांनो, मायक्रोकंट्रोलर हाताळा.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्थापना १९४७) दोन्ही शाखा आहेत. कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल आहे. अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण गणिताचे, तेव्हा गणित आधी पक्कं करा. दहावीनंतर डिप्लोमा केलात तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.