हिंगोलीचा ठग, इंग्रजीचा ‘थग’

इंग्रजीत आज ‘थग’ म्हणजे निर्दय गुंड. आपला ‘ठग’ मात्र गोड बोलून फसवणारा. संस्कृत ‘स्थग्’ म्हणजे झाकणे, लपवणे. या शब्दाला क्रौर्याचा रंग कसा चढला, याचा एक धागा हिंगोलीत सापडतो. निजामाच्या फौजेच्या इथल्या छावणीत हरिसिंग हा ठग प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरत होता. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला, त्या मालाच्या खऱ्या मालकाला नोकरांसकट ठार केले आणि तेच कापड छावणीत उजळ माथ्याने विकले. त्याच्याशी स्वतः व्यवहार केलेल्या फिलिप मेडोज टेलर यांनी ही हकिगत आपल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’च्या प्रस्तावनेत दिली. 1839 ची ही कादंबरी इंग्लंडात गाजली आणि शब्द तिथे रुळला.

ठगी, म्हणजे ठगांच्या टोळ्यांची खुनी लूट, हा इंग्रजांनी उभा केलेला बागुलबुवा, असा आक्षेप घेतला जातो. तो निम्मा खरा आहे. खटल्यांतल्या बहुतेक साक्षी माफीच्या साक्षीदारांच्या होत्या. 1836 च्या कायद्याने तर निव्वळ टोळीत असण्यालाही जन्मठेप ठेवली. देवीसाठी खून पाडणाऱ्या देशव्यापी पंथाची कथा अशा जबान्यांवरच फुगली. पण हिंगोलीत साक्षीदारांनी दाखवलेल्या जागा टेलर यांच्यादेखत उकरल्या, तेव्हा छावणीच्या पहाऱ्यापासून जेमतेम पाचशे यार्डांवर प्रेते निघाली. पंथ संशयास्पद, खून खरे.